सांगणारा एक, ऐकणारे आपण



गेल्या एकादशीस कीर्तन आटोपल्यावर आपल्यापैकीच एक तरुण गृहस्थ सभामंडपाच्या खांबापाशी थांबून राहिले. मंडळी पांगल्यावर ते जवळ येऊन म्हणाले, "बुवा, सहा वर्षे मी गर्दाच्या आहारी गेलो होतो. आईच्या पाटल्याही विकल्या. उपचार घेतले, आज तीन वर्षे त्या विषाला शिवलो नाही. आपल्यातली दोन मुले त्याच वाटेला लागलेली दिसतात. त्यांना माझी कथा सांगावीशी वाटते. पण घरचे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे आहे. मी काय करू?"

मला तुकोबारायांचे स्मरण झाले. स्वतःचा पूर्ववृत्तांत त्यांनी एका अभंगात सांगितला आहे. दुष्काळात द्रव्य आणि मान गेला, एक पत्नी अन्नावाचून मेली, व्यापारात तूट आली, जिवाची लाज वाटू लागली. पुढे भंगलेले देऊळ नीट करावे असे चित्तात आले. त्यांचे दुःख काळाने आणले होते, व्यसनाने नव्हे, हा भेद उघड आहे. तथापि आरंभीच ते म्हणतात की, हे बोलू नये, परंतु तुम्हा संतांनी विचारले म्हणून बोललो. विचारणारे संत होते, म्हणून सांगणे घडले. आपल्या या तरुणास प्रेमाने विचारणारे कोण आहेत?

दुसरे उदाहरण दूरदेशीचे आहे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी बिल विल्सन नावाचे गृहस्थ धंद्यात अपयश येऊन एकटे पडले होते. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि मन पुन्हा तिकडे ओढ घेऊ लागले. तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका मद्यपीचा शोध घेतला. डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. विल्सन यांनी उपदेश न करता आपलीच कहाणी सांगितली. त्यायोगे ते स्वतः सावरले. डॉक्टरही मध्यंतरी एकदा घसरून त्याच वर्षी कायमचे मुक्त झाले. त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना जन्मास आली. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण' केंद्रातही व्यसनातून सुटलेली माणसे नव्याने आलेल्यांस हात देतात. बुडणाऱ्यास पाण्याचा ठाव त्यातून निघालेलाच सांगू शकतो.

मी त्या तरुणास म्हटले, "प्रथम त्या दोघांना एकांतात सांगा. इतरांची नावे घेऊ नका, नशेचे रसभरीत वर्णन करू नका. काय गमावले आणि कोणाच्या आधाराने उठलात, तेवढे सांगा. व्यसन हा आजार आहे; त्यांस वैद्याकडे नेण्यास सोबत जा."

आता विनंती आपणांस आहे. देवळाचा कळस ढासळला तर आपण वर्गणी गोळा करतो. घरातला मुलगा ढासळला तर ओसरीवर कुजबुज करतो. हे भक्तीस शोभते काय? त्या तरुणाने तोंड उघडले म्हणून त्याच्या बहिणीचे स्थळ मोडले, तर पुढचा मुलगा मुकाट्याने मरेल, आणि त्या मौनाचे पातक आपल्या सर्वांच्या माथी येईल.

सांगणाऱ्यास धैर्य आणि ऐकणाऱ्यांस अंतःकरण लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.