कंबरेचा हिशेब

आमच्या सासूबाई रोज सकाळी बस्तीला चालत जायच्या. बस्ती फार लांब नाही. पण दोन वर्षांपूर्वी वाटेत दोनदा कुणाच्या तरी कट्ट्यावर टेकायची पाळी येऊ लागली. चालले की पायांत गोळे, पुढे वाकून बसले की बरे. डॉक्टर म्हणाले, कण्यातली नसांची वाट अरुंद झालीय. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. शेवटी ऑपरेशन सुचवले. खर्च दीड लाखाच्या घरात.

सूर्य मावळायच्या आत जेवणे उरकली आणि घरात बोलणे निघाले. "या वयात एवढा पैसा घालून उपयोग काय?" हे वाक्य, भगिनींनो, माझ्याच तोंडून गेले. आत्या दाराआड तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकले. काही बोलल्या नाहीत.

प्रश्न वावगा नव्हता, मापच चुकले होते. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशाच ऑपरेशनांचा हिशेब मांडला. फायद्याच्या पारड्यात त्यांनी माणसाची कमाई घातली नाही. निरोगी वर्ष म्हणजे एक, दुखण्यात काढलेले वर्ष त्याहून कमी, असे ते माप. दोन वर्षांपुरते पाहिले, तर अरुंद कण्याच्या ऑपरेशनने पदरात पडणाऱ्या एका चांगल्या वर्षाची किंमत सुमारे ७७,६०० डॉलर आली. चार वर्षांपर्यंत मोजले तेव्हा तीच ५९,४०० वर उतरली. मोठा खर्च एकदाच होतो, चालणे मात्र रोजचे असते. त्यांचे डॉलर आपल्याकडे लागू नाहीत. पण माप घेण्यासारखे आहे.

म्हणून प्रत्येक कंबरेला ऑपरेशन हवे, असेही नाही. चकती सरकल्याचा त्रास बहुतेकींना काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतो. मात्र लघवीवरचा ताबा गेला, पायातली ताकद कमी होऊ लागली, तर एक दिवसही थांबू नये.

आपल्या घरात बायकांना "सोसावं" असे सहज सांगितले जाते, त्याला धर्माचा आधारही दिला जातो. बावीस परीषहांत रोग हा एक परीषह आहे, हे खरे. पण तो मुनींनी स्वतःहून, समभावाने सहन करायचा असतो. सुनेने सासूवर लादायचा नसतो. लादलेले सोसणे ही हिंसाच. चार दानांत औषधदान आहे. ते बाहेर देताना आपली पावती फाडली जाते, घरात द्यायचे तर हिशेब आठवतो!

आणि पैसा तरी कुणाचा? याच कंबरेने तीस वर्षे तंबाखूच्या रानात वाकून शेंडे खुडले होते.

दुसऱ्या दिवशी मी आत्यांपुढे बसले. चुकले म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांना विचारले, "तुम्हाला काय पाहिजे?"

"मधी न बसता बस्तीपतोर जायाचं हाय. तेवढं हुईत आसंल तर करा."

डॉक्टरांनाही आम्ही तेवढेच विचारले. "होईल, पण कंबर पूर्ण थांबेल असं नाही," ते म्हणाले. आत्यांनी मान डोलावली.

आज त्यांची कंबर अधूनमधून दुखते. पण कट्ट्यावर त्या टेकत नाहीत. कधी मीच मागे पडते, आणि त्या वळून थांबतात.