हॉकिन्ससारखं वाजव

1934 साली कोलमन हॉकिन्स युरोपला निघून गेला आणि न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदातली टेनर सॅक्सोफोनची खुर्ची रिकामी झाली. तिथे येऊन बसला चोवीस वर्षांचा लेस्टर यंग. बोटं तयार, ताल पक्का, कल्पनांना तोटा नाही. तक्रार फक्त आवाजाची. हॉकिन्सचा टेनर भरदार, वजनदार, सुरासुराला कंप देणारा. लेस्टरचा हलका, सरळ, जवळजवळ कोरडा. शेजारी बसणारे वादक कुरकुरायला लागले. लेस्टर हेंडरसनच्याच घरी उतरला होता. हेंडरसनची बायको लिओरा, स्वतः ट्रम्पेट वाजवणारी, त्याला सकाळी लवकर उठवायची आणि हॉकिन्सच्या तबकड्या लावायची. असं वाजव. लेस्टर तिचं मन मोडू नये म्हणून ऐकून घ्यायचा. काही महिन्यांतच त्याने गाशा गुंडाळला. जाताना मात्र, आपल्याला काढून टाकलेलं नाही असं पत्र हेंडरसनकडून लिहून घेतलं.

हा प्रसंग बहुतेक वेळा लिओराला खलनायिका करून सांगितला जातो. ते तिच्यावर अन्यायाचं आहे. तिची पद्धत चुकली नव्हती, तबकडी चुकली होती. लेस्टरचा आवाज तरी कुठून आला होता? त्याच वाटेने. फ्रँकी ट्रम्बावर नावाचा वादक सी-मेलडी सॅक्सोफोन वाजवायचा. आल्टो आणि टेनर यांच्या मधल्या मापाचं हे वाद्य आज दुकानात शोधूनही सापडणं अवघड. त्याच्या तबकड्या लेस्टरने मन लावून ऐकल्या होत्या आणि टेनरमधून त्या सी-मेलडीचा आवाज काढायचा आपला प्रयत्न होता, असं त्याने पुढे मुलाखतीत सांगून टाकलं. म्हणजे ज्याला सगळे ‘लेस्टरचा स्वतःचा आवाज’ म्हणतात, तो त्याला एका वाद्यावर दुसऱ्या वाद्याची नक्कल करताना सापडला. मराठी रसिकाला यात नवल वाटू नये. लहानपणी नामवंतांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणाऱ्या मुलाचेच पुढे कुमार गंधर्व झाले.

टेनर शिकणारा हौशी माणूस साधारण वर्षभराने एका ठराविक जागी येऊन अडतो. सप्तकं बसलेली असतात, चार-दोन गाणी वाजतात. मनोहारी सिंगांनी ‘है दुनिया उसी की’मध्ये वाजवलेले तुकडेही अडखळत का होईना, निघतात. मग एक दिवस तो आपलं वादन फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकतो. सूर बरोबर आहेत, ताल बरा आहे, आणि तरीही हे नाक चोंदल्यासारखं काय वाजतंय? इथून पुढच्या दोन वाटा. एक रियाजाच्या खोलीकडे जाते, दुसरी माउथपीसच्या दुकानाकडे. दुसरीवर गर्दी जास्त.

त्या गर्दीला हसण्यात अर्थ नाही, कारण तिच्यात जॉन कोल्ट्रेनही होता. मनासारखा माउथपीस तो सतत शोधत राहिला, आणि हातातला चांगला माउथपीस सुधारायला जाऊन बिघडवूनही बसला. साधनाने फरक पडतोच. माउथपीसचं तोंड किती उघडं आहे, आतली पोकळी किती मोठी आहे, रीड दोन नंबरची आहे की तीनची, यावर फुंक किती लागणार आणि आवाज किती उजळ येणार हे बरंचसं ठरतं. पण नवा माउथपीस आणला की आठवडाभर आवाज बदलल्यासारखा वाटतो आणि मग हळूहळू जुनाच आवाज परत येतो, हा जवळपास प्रत्येकाचा अनुभव. कारण रीडच्या पुढे पितळ असलं तरी रीडच्या मागे माणूस आहे: ओठ, जीभ, टाळू, घसा.

ही नुसती गुरुजींची समजूत नव्हे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जेर-मिंग चेन, जॉन स्मिथ आणि जो वुल्फ यांनी वादक टेनर वाजवत असतानाच त्याच्या तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीचा अनुनाद मोजला. 2008 साली ‘सायन्स’मध्ये ते काम छापून आलं. वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्याच्या वरचे अतितार सूर काढताना मुरलेले वादक आपली पोकळी त्या सुराला जुळवून घेत होते. कमी अनुभवी वादकांना ते जुळवणं जमत नव्हतं आणि ते सूरही निघत नव्हते. बोटांच्या जागा सगळ्यांना सारख्याच ठाऊक होत्या!

घसा असा जुळवायचा कसा, हे शब्दांत सांगता येत नाही. डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून सॅक्सोफोनच्या शिक्षकांनी एक आडवाट काढली. जर्मनीत जन्मलेल्या सिगर्ड राशेर या अभिजात वादकाने 1941 साली ‘टॉप-टोन्स फॉर द सॅक्सोफोन’ या पुस्तकात ती नीट मांडून दिली. सगळ्या चाव्या बंद करून सर्वांत खालचा बी फ्लॅट धरायचा आणि बोटं न हलवता, फक्त घसा आणि फुंक बदलून त्याच नळीतून वरचे सूर एकामागून एक काढायचे. खालचा तो सा मानला, तर आधी वरचा सा येतो, मग पंचम, मग त्याच्याही वरचा सा, आणि त्यानंतर गंधार. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार ज्याने ऐकला आहे, त्याला या सुराशी ओळख करून द्यावी लागत नाही. सुरुवातीला नुसत्या किंकाळ्या निघतात. शेजारी भिंत ठोकतात. काही आठवड्यांनी पंचम डोकावतो, आणि मग खालचा बी फ्लॅटही आधीपेक्षा रुंद वाजू लागतो.

शेजारधर्म हा या वाद्याचा जुना प्रश्न आहे. सनी रोलिन्स मॅनहॅटनमध्ये राहायचा आणि इमारतीतल्या लोकांना त्रास नको म्हणून 1959 ते 1961 या काळात विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवायचा. खाली नदी, बाजूने धडधडत जाणाऱ्या गाड्या. तेव्हा तो नवशिका नव्हता, नाव कमावलेला वादक होता. आपलं वादन त्या नावाला पुरं पडत नाही असं त्याचं त्यालाच वाटत होतं. साठच्या दशकाच्या अखेरीला तो मुंबईत पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला. ध्यानाला स्थिर बसणं आपल्याला जमत नाही, असं त्याने स्वामींना सांगितलं, तेव्हा वाद्य वाजवताना तुझं ध्यान चालूच असतं, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. ही आठवण त्यानेच सांगितलेली आहे.

लांब सूर धरण्याचा रियाज या उत्तराच्या अगदी जवळचा. एकच सूर ऐकू येईल न येईलसा सुरू करायचा, हळूहळू फुलवायचा, पुन्हा विरघळू द्यायचा, आणि एवढ्यात तो चढू-उतरू द्यायचा नाही. खर्ज भरणाऱ्या गवयाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पण सॅक्सोफोनची एक खास खोड आहे. मधला सी शार्प एकही बोट न दाबता वाजतो आणि बारीक, पोकळ येतो. त्याच्या लगेच वरचा डी जवळजवळ सगळी बोटं दाबून वाजतो आणि अंगाने भरलेला येतो. शेजारी शेजारी दोन सूर, आणि जणू दोन वेगळी माणसं बोलतात. यंत्र बदलता येत नाही, म्हणून कानाने पुढचा सूर आधी ऐकायचा आणि घशाने दोघांना एका घरातलं करायचं. महिनोन् महिने हे दोनच सूर घोटणारे विद्यार्थी असतात. बाहेरून बघणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो.

आधी सूर बसवू, भाव नंतर घालू, हा शिकणाऱ्यांचा आवडता हिशेब मात्र इथे कोलमडतो. भाव म्हणजे फोडणी नव्हे, वरून द्यायला. टेनरवर तो बहुतेक वेळा सुराच्या दोन टोकांना असतो: जीभ रीडला कशी लागली आणि सूर कसा संपला. बेन वेब्स्टरचं संथ वादन ऐकावं. सूर संपल्यावरही हवा चालू राहते, नुसता श्वास ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्याला वादक शेजारच्या खुर्चीत बसल्याचा भास होतो. हॉकिन्स कंप सढळ हाताने वापरायचा. लेस्टर अनेकदा सूर सरळ धरून शेवटी जरासा हलवायचा, बस्स. कंप, श्वास, जिभेचा स्पर्श यांतलं काहीही लांब सूर धरतानाच शिकता येतं. ‘मग नंतर’ म्हणणाऱ्याच्या हाती उरतात ते इमानदारीने वाजवलेले, निर्जीव सूर.

आणि आवाज एकदा ठरला की जन्मभराचा, असंही नाही. खुद्द हॉकिन्स विशीच्या सुरुवातीला जीभ रीडवर फटकारून टकटक वाजवायचा. त्या जुन्या तबकड्या आज ऐकल्या तर हसू येतं. 1924 साली लुई आर्मस्ट्राँग त्याच वाद्यवृंदात आला. त्याचा ट्रम्पेट शेजारी बसून ऐकता ऐकता हॉकिन्सचे सूर लांबले, जोडले गेले. 11 ऑक्टोबर 1939 रोजी त्याने ‘बॉडी अँड सोल’ वाजवलं, तोवर पंधरा वर्षं गेली होती. लिओराने ज्या आवाजाचा आग्रह धरला होता, तोही असा ऐकून ऐकूनच घडला होता.

8 डिसेंबर 1957 रोजी सीबीएस वाहिनीवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. त्यात बिली हॉलिडे ‘फाइन अँड मेलो’ गाते आणि तिच्या भोवती वेब्स्टर, लेस्टर, हॉकिन्स असे तीन टेनर एकाच खोलीत आहेत. शिकणाऱ्याने ते चित्रण आधी डोळे मिटून ऐकावं. तोच संथ ब्लूज, तीच लय, तेच वाद्य. आधी वेब्स्टर वाजवतो. मग तब्येत ढासळलेला लेस्टर उभा राहतो. त्याच्या हातात सव्वा वर्षाचं आयुष्य उरलेलं आहे. बारा मात्राखंडांत तो मोजके सूर वाजवतो, घाई कुठेच नाही, आणि बिली त्याच्याकडे बघत मान डोलावत राहते. हॉकिन्सची पाळी त्याच्या नंतर येते.