निवारा कामाच्या वाटेवर

डिसेंबर २०२४ मध्ये, मध्यरात्र उलटल्यावर, पुण्याजवळ वाघोलीतल्या केसनंद फाट्यावर एक डंपर पदपथावर चढला. तिथे झोपलेल्यांपैकी तिघे गेले. त्यांतली दोन तान्ही मुलं होती. माणसं अमरावतीकडून बांधकामाच्या मजुरीसाठी आलेली. चर्चा झाली ती चालकाच्या दारूची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण वाघोली २०२१ पासून महापालिकेच्या हद्दीत आहे, तिथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, त्यांच्याभोवती वसतिगृहं आणि नवे टॉवर उठताहेत. ते बांधणारा माणूस रात्री कुठे पाठ टेकेल, हा प्रश्न अपघातानंतरही फारसा कोणी विचारला नाही.

नियमांची मात्र वाण नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची कायमस्वरूपी सोय ठरवून दिली होती. २०११ च्या जनगणनेतली पुणे महापालिकेची एकतीस लाख लोकसंख्या धरली तरी ती तीन हजारांवर जाते. निवारा शक्यतो बेघरांच्या वस्तीजवळ, कामाच्या ठिकाणाजवळ असावा, हेही त्यात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात शोध सुरू होतो तो दुसऱ्याच टोकाने: मोकळी जागा कुठे आहे, आणि बोंब कुठे कमी होईल? असं विचारलं की उत्तर बहुधा शहराच्या कडेला सापडतं. मजूर अड्ड्यावर मात्र सकाळी लवकर उभं राहावं लागतं. मुकादम माणसं निवडून घेऊन गेला की उशिरा पोचलेल्याचा दिवस बुडाला. दोन बस बदलून येणाऱ्याचं भाडं जातं ते वेगळंच. मार्केट यार्डात माल रात्री-पहाटे उतरतो, तेव्हा तिथला हमाल झोपणार दिवसा. सकाळी कुलूप लागणारा निवारा त्याच्या काय कामाचा? ससून रुग्णालयात रुग्ण असेल तर नातेवाइकाला हाकेच्या अंतरावरच राहावं लागतं. मग लांबच्या निवाऱ्यातल्या खाटा रिकाम्या राहतात आणि फाइलवर शेरा पडतो, ‘मागणी नाही’.

जवळ राहण्याची किंमत पुण्याला कळत नाही, असं नाही. माधुकरी मागून शिकणारी मुलं पेठांतच राहत. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं तेही याच शहरात. आजही सदाशिव-नारायण पेठांत एका खोलीत तीन-चार कॉट टाकून स्पर्धा परीक्षांची मुलं राहतात. अभ्यासिका, क्लास, मेस सगळं पायी गाठता यावं म्हणून. ‘शिरूरला स्वस्त आहे, तिथून ये-जा कर’ असं त्यांना कोणी सुचवत नाही. मजूरही बाहेरगावचाच, आणि त्यालाही कॉट बेसिसवरच जागा हवी आहे. फरक डिपॉझिटचा. (आणि जातीचाही, तो आपण सहसा बोलून दाखवत नाही.)

यावर पहिली हरकत येते ती सुरक्षिततेची. मुलींची वसतिगृहं शेजारी असताना हे कशाला? ही भीती हसण्यावारी नेऊ नये. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तात्पुरत्या हिवाळी निवाऱ्यांचा अभ्यास झाला, त्यात शंभर मीटरच्या आत चोऱ्या, विशेषतः गाड्यांतल्या, वाढल्याचं दिसलं; अंतर वाढेल तसा परिणाम ओसरला. पुणं म्हणजे व्हँकुव्हर नव्हे, पण हा पुरावा सोयीचा नाही म्हणून झाकायचं कारण नाही. त्यातून निघतं ते इतकंच, की निवाऱ्याचा भोवताल सांभाळावा लागतो. पन्नास-साठ जणांचा निवारा, चोवीस तास उघडा, बाहेर दिवे, आत पुरेशी स्वच्छतागृहं, बायकांची आणि कुटुंबांची वेगळी सोय, रात्री फोन उचलणारा काळजीवाहक. निवारा नसला म्हणून माणूस नाहीसा होत नाही. तो त्याच रस्त्यावर, त्याच वसतिगृहासमोर, अंधारात असतो. शिवाय उघड्यावर झोपणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेचं काय, हे या हरकतीत कधी मोजलंच जात नाही. फ्लॅटचे भाव पडतील, या हरकतीवर मात्र शब्द खर्च करावेत असं मला वाटत नाही.

खरी वजनदार हरकत स्टेशनाजवळच्या, मंडईजवळच्या रहिवाशांची आहे: सगळं आमच्याच दारात का? कोथरूड, औंध, बाणेर का नाही? त्यांचं म्हणणं रास्त आहे. कामाजवळ निवारा, या कसोटीचा अर्थ सगळे निवारे स्टेशनाभोवती असा होत नाही. वारज्यातही मजूर उभे राहतात, बाणेरच्या इमारतीही कोणीतरी बांधतंच. एका मोठ्या वास्तूऐवजी ठिकठिकाणी असे लहान निवारे केले तर भार आपोआप वाटला जाईल, आणि भल्या वस्त्यांना ‘आमच्याकडे बेघर नाहीतच’ म्हणण्याची सोय उरणार नाही. नेमके कुठे, हे ठरवायला मोजणी रात्री व्हावी. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं या शहरात काही कमी नाहीत. दुकानं बंद झाल्यावर पदपथ, पुलाखालच्या जागा, रुग्णालयांची आवारं त्यांनी पालथी घालावीत. पट कमी होऊन मोकळ्या पडलेल्या महापालिका शाळांच्या इमारती त्या नकाशावर ठेवून पाहाव्यात. हरकती-सूचनाही जरूर मागवाव्यात. फक्त सोसायट्यांसाठी सुनावणी सकाळी अकराला ठेवली, तर दुसरी पहाटे अड्ड्यावर घ्यावी, मुकादम यायच्या आधी.