मिनिटभराचा विराम

आकस्मिक विभागात मृत्यू झाला, की कागदावर वेळेची नोंद होते, हातमोजे टोपलीत पडतात, आणि जिच्या मनगटांत छातीवर दिलेल्या दाबांची कळ अजून ठसठसत असते, त्या परिचारिकेला पडद्यापलीकडच्या रुग्णाकडे, जणू काही घडलेच नाही अशा मुद्रेने, जावे लागते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टल्स या परिचारकाने अशा धावपळीतच एक विराम रूढ केला. जो गेला तो कोणाचा तरी जिवलग होता, त्याच्यासाठी आपण शर्थ केली, एवढेच बोलून सर्वांनी मिनिटभर स्तब्ध राहायचे. मंत्र नाही, प्रार्थनेची सक्ती नाही. ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने, अथवा श्रद्धेवाचूनही, ते मौन भरावे, आणि मला तर त्याचे सामर्थ्य यातच दिसते, की तेथे दुःखाकडे धर्माचा दाखला कोणी मागत नाही. मात्र हे ऐकून आपल्याकडील एखाद्या अंमलदाराने रजेचे अर्ज नामंजूर करण्यास नवी सबब शोधू नये. लागोपाठच्या रात्रपाळ्यांचा शीण मौनाने उतरत नाही, त्यासाठी पाळीच्या तक्त्यावर माणसेच वाढवावी लागतात, आणि ती मंजुरी दप्तरातूनच यावी लागते.