फळ कोणाचं?

धोंडो केशव कर्व्यांनी १९०८ साली पुण्यात एक संस्था काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘निष्काम कर्म मठ’. पुण्याजवळच्या हिंगण्याचा विधवांसाठीचा आश्रम आणि नुकतंच सुरू झालेलं महिला विद्यालय यांना आयुष्य वाहून देणारी माणसं हवी होती. त्यांनी खाजगी लाभाचा विचार सोडायचा, मठ जे देईल त्यात घर चालवायचं आणि काम करत राहायचं, अशी ती व्रतस्थ मंडळी. आठच वर्षांनी, १९१६ मध्ये, याच गृहस्थांनी हिंदुस्थानातलं स्त्रियांचं पहिलं विद्यापीठ उभं केलं. सुरुवातीला विद्यार्थिनी होत्या पाच.

गीतेचा कर्मयोग त्या काळात पुण्याच्या हवेतच होता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं टिळकांचं ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झालं. स्त्रीशिक्षणाबाबत टिळक आणि कर्वे यांचं जमणारं नव्हतं, तरी गीता संन्यास नव्हे तर कर्म शिकवते, यावर दोघांचा भर एकच होता. एकाने त्यावर ग्रंथ लिहिला, दुसऱ्याने मठ काढला. मला हे दुसरं भाष्य अधिक अवघड वाटतं. ग्रंथात फलत्याग सिद्ध करता येतो. शाळा चालवताना तो रोज करावा लागतो, कारण शाळेकडे प्रत्येक जण फळच मागतो. देणगीदार मागतो, पालक मागतात, सरकार मागतं.

हे सगळं आज माझ्यासमोर आलं ते एका कामामुळे. मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या भागातल्या एका लहान विद्यापीठाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यातलं ‘आमचे विद्यार्थी, आमचा अभिमान’ हे प्रकरण माझ्याकडे आलं आहे. कागदपत्रांची फाइल जाड आहे. राज्यसेवेत गेलेला एक मुलगा, राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेली कबड्डीपटू, भाताच्या वाणांवर संशोधन करणारी मुलगी, बँकेत लागलेले पुष्कळ, स्वतःचं गॅरेज काढून सहा जणांना रोजगार देणारा एक जण. ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांचं साहाय्य आणि प्रगती हा स्वतंत्र निकष असतो, त्यामुळे ही माहिती तक्त्यांत भरून तयारच होती. मी फक्त तिला भाषा द्यायची. पण वर्गात वर्षानुवर्षं गीतेचा दुसरा अध्याय समजावून सांगितल्यावर ‘आमचा अभिमान’ या शीर्षकाखाली लेखणी उचलताना माझ्यासमोर प्रश्न उभा राहतोच. या मुलामुलींनी मिळवलं ते ‘आमचं’ कोणत्या नात्याने?

माझ्या वडिलांची थोरली आत्या बालविधवा होती. तिला आम्ही ताईआत्या म्हणायचो. वाईहून तिला हिंगण्याला आणून सोडलं तिच्या मामाने, घरातल्या कोणाशीही न बोलता. तिथे ती शिकली आणि कर्व्यांच्या विद्यापीठाची ‘गृहीतागमा’, म्हणजे पदवीधर, झाली. नावापुढे जी. ए. लागायचं. विद्यापीठात सगळे विषय मातृभाषेतून शिकवले जात, इंग्रजी हा विषय म्हणून असे. ताईआत्या म्हणायची की आरोग्यशास्त्र आणि गृहव्यवस्था हे विषय ती जितकं मन लावून शिकली तितकं दुसरं काहीच शिकली नाही. पण त्या पदवीला सरकारची मान्यता नव्हती. मुंबई सरकारचा कायदा झाला १९४९ साली आणि वैधानिक विद्यापीठाचा दर्जा आला तो १९५१ मध्ये. स्थापनेपासून पस्तीस वर्षं! सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली, वर्षाला साडेबावन्न हजारांचं उत्पन्न सुरू झालं, विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं, नाव मिळालं. तरीही या काळात तिथून पदवी घेऊन निघालेल्या मुलीच्या हातातला कागद सरकारी दाराशी चालत नव्हता. ताईआत्या एका खाजगी कन्याशाळेत शिकवायची आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर बाईंपेक्षा तिला पगार कमी होता, काम तेवढंच.

म्हणजे एका अर्थाने तिचं शिक्षण शब्दशः निष्काम झालं. बी. ए. ला असताना मी मोठ्या उत्साहाने तिला हे सांगितलं होतं. तेव्हा ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, “अगं, अर्जुनापाशी सोडायला राज्य तरी होतं. माझ्यापाशी काय होतं? ज्याच्या हातात फळ पडतं त्याने सोडावं. मला ते खाऊन बघायचं होतं.”

हा आक्षेप मला आजही गीतेवरच्या कित्येक भाष्यांपेक्षा मोलाचा वाटतो. ज्याला काहीच मिळालेलं नाही त्याला त्याग शिकवणं म्हणजे त्याच्यावरच्या अन्यायाला धर्माचं नाव देणं. आपल्याकडे हे फार झालं आहे. विधवेला वैराग्य शिकवलं गेलं, शेतमजुराला प्रारब्ध शिकवलं गेलं. कर्व्यांच्या मठाचं मला मोठं वाटतं ते यासाठी की तिथे व्रत शिकवणाऱ्यांनी घेतलं होतं, शिकणाऱ्या मुलींना ते घ्यायला लावलं नव्हतं. मुलींनी शिकावं, कमवावं, पायावर उभं राहावं. त्यांच्यासाठी सगळी सकाम खटपट चालली होती, आणि ती करणाऱ्यांनी स्वतःसाठी काही मागायचं नव्हतं.

याला आपल्या शास्त्रात आधार आहे आणि तो गीतेपेक्षाही कर्मकांडाच्या विचारात अधिक स्पष्ट सापडतो. मीमांसकांनी प्रश्न विचारला होता: यज्ञात मंत्र म्हणणारे, आहुती देणारे, सोम पिळणारे ऋत्विज वेगळे, मग स्वर्ग कोणाला? जैमिनीच्या सूत्रांत उत्तर आहे की फळ यजमानाला, ज्याने संकल्प केला त्याला. ऋत्विजांना दक्षिणा मिळते. त्यांच्याशिवाय यज्ञ होत नाही, पण फळावर त्यांचा हक्क नाही. शिक्षणात संकल्प कोणाचा? पहाटेची पहिली एस. टी. पकडून येणाऱ्या मुलीचा. प्राध्यापक ऋत्विज आहेत, त्यांना महिन्याला दक्षिणा मिळते, ती त्यांनी ताठ मानेने घ्यावी. मुलीला नोकरी लागली की ती ‘आमची उपलब्धी’ म्हणून तक्त्यात घालणं हे ऋत्विजाने यजमानाच्या स्वर्गात जागा मागण्यासारखं आहे.

माझे एक सहकारी यावर म्हणाले, “मग बाई, संस्थेने काही केलंच नाही का?” प्रश्न रास्त आहे. गीतेचा अठरावा अध्याय याबाबत बारकाईने बोलतो. कोणत्याही कर्माला तिथे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना प्रकारचे खटाटोप आणि पाचवं दैव. आणि पुढे म्हटलं आहे की एवढं असताना जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. हे मला हिंगण्याकडे पाहताना खरं खरं कळतं. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला जागा दिली आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि पुणे-हिंगणे पायी ये-जा करत, पावसाळ्यात चिखल तुडवत. पार्वतीबाई आठवले, कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या बहीण, स्वतः विधवा, गावोगाव वर्गणीसाठी हिंडल्या आणि १९१८ साली जेमतेम इंग्रजीच्या बळावर अमेरिकेला गेल्या. तिथे पोटासाठी लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाकही केला. आता ताईआत्येच्या जी. ए. पदवीत पार्वतीबाईंनी परक्या देशात घासलेली भांडी किती आली, हे कोणता तक्ता सांगेल? संस्था कर्ता नाही, कारणांपैकी एक आहे. पण कारण असणं ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि एकट्याने सगळं केलं असं विद्यार्थ्यालाही म्हणता येत नाही.

मग दैव उरतं. ते मी हल्ली पूर्वीपेक्षा गंभीरपणे घेते. कर्वे सतराएक वर्षांचे असताना मुरुडहून घाट ओलांडून शंभरावर मैल चालत साताऱ्याला परीक्षेला गेले होते. तिथे ‘तू फार लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. कष्ट पूर्ण, फळ शून्य. त्या दिवशी त्यांच्या गावात गुणगौरवाची यादी झाली असती तर तिच्यात त्यांचं नाव नसतं. आमच्या फाइलीतही असे पुष्कळ असणार जे नाहीत. दुसऱ्या वर्षाला लग्न झालं म्हणून गेलेल्या मुली. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून शेतात परतलेले मुलगे. आम्ही त्यांना तेवढंच शिकवलं होतं, तितक्याच ओढीने. कर्माने पाहिलं तर ते आणि राज्यसेवेतला मुलगा आमच्यासाठी सारखेच आहेत. फलत्यागाचा एवढाच अर्थ शिक्षकाला रोज जगता आला तरी खूप झालं.

फळाकडे पाहायचंच नाही, असंही मी म्हणत नाही. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते आणि सार्वजनिक पैशाच्या हिशेबाला अतिशय चोख. लहान देणगीचीही नोंद व्हायची. ज्याने एक रुपया दिला त्याला त्या रुपयाचं काय झालं हे कळण्याचा हक्क आहे. हिशेब द्यावाच लागतो. मालकी सांगायची नाही. या दोन गोष्टींतला फरक आमच्या शिक्षणसंस्थांनी पुसून टाकला आहे आणि त्याचं मला मनापासून दुःख होतं.

फरक पुसला की काय होतं हे समजायला कर्व्यांच्याच विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीकडे पाहावं. बाळूताई खरे हिंगण्याला शिकल्या, कर्व्यांच्या विद्यापीठातून पदवीधर झाल्या, पुढे हिंगणे संस्थेच्याच कन्याशाळेत शिकवू लागल्या. ‘अलंकारमंजूषा’ हे अलंकारशास्त्रावरचं पुस्तक त्यांच्या नावाने १९३१ साली निघालं. कोणत्याही अहवालात अभिमानाने छापावं असं ते यश. पण १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, घरचे त्यांच्या पगारावर कसे विसंबतात, त्यांच्या देहाच्या आणि मनाच्या भुकेचं काय होतं, हे त्या कथांत होतं. महाराष्ट्रात खळबळ उडाली, निषेध झाले, ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. लेखिकेने कित्येक वर्षं नाव उघड केलं नाही. पुढे त्या मालतीबाई बेडेकर झाल्या आणि सोलापूरच्या, ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीतल्या अनुभवातून १९५० साली ‘बळी’ लिहिली.

माझ्या मते स्त्रियांच्या त्या विद्यापीठाच्या पहिल्या दोन दशकांतलं सगळ्यात मोठं फळ ‘कळ्यांचे निःश्वास’ आहे. आणि ते त्या वर्षी कोणत्याही अहवालात मावलं नसतं, कारण त्यात शिक्षणाने न सुटलेले प्रश्न होते. शिकवलेल्या मुलीने आपल्यालाच जाब विचारावा, हे शिक्षणाचं फळ आहे की नाही? फळावर मालकी सांगणारी संस्था अशा वेळी गप्प बसते किंवा तोंड फिरवते. मालकी सोडलेल्या संस्थेला मात्र तिचं म्हणणं ऐकता येतं. ताईआत्येकडे त्या पुस्तकाची प्रत होती, साड्यांच्या घडीत ठेवलेली. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आमच्यातलीच कुणीतरी आहे, हे आम्हाला पहिल्या गोष्टीतच कळलं होतं.”

आणखी एक जुना विचार इथे उपयोगी पडतो, तो ऋणाचा. शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे की माणूस ऋणं घेऊनच जन्माला येतो, आणि त्यातलं ऋषींचं ऋण अध्ययनाने फिटतं. ते ऋषींना परत करायचं नसतं, तसं ते करताही येत नाही. शिकायचं आणि पुढच्याला द्यायचं. म्हणून गॅरेज काढणाऱ्या त्या मुलाची नोंद मला फाइलीत सगळ्यात जास्त आवडली. त्याच्याकडचे सहाही जण शाळा सोडलेले आहेत आणि तो त्यांना रविवारी मोजमापाचं गणित शिकवतो. तक्त्यात त्याच्यासमोर फक्त ‘स्वयंरोजगार’ लिहिलं होतं.

मी शीर्षक बदलून ‘आमच्याकडे शिकून गेलेले’ असं केलं. कुलगुरूंनी थोडे आढेवेढे घेतले आणि मान्य केलं. मग यादीतल्या प्रत्येकाला पत्र पाठवून एक जादा प्रश्न विचारला: तुमच्या शिक्षणासाठी कोणी काय सोडलं? उत्तरं आली ती लांबलचक. कोणाच्या आईच्या पाटल्या गेल्या, कोणाच्या भावाने शाळा सोडली, मेसच्या काकूंनी कोणाचे दोन महिन्यांचे पैसे मागितलेच नाहीत. संशोधन करणाऱ्या मुलीने लिहिलं की तिला प्रयोगासाठी खाचर मोकळं करून देणाऱ्या शेतकऱ्याचं नाव तिच्या नावाच्या आधी छापा. त्यामुळे पानं वाढली आणि छपाईचा खर्चही. जाहिरातींची दोन पानं काढून जागा केली. मधेच गेलेल्या मुलामुलींची नावं जुन्या हजेरीपटांवरून काढायचं काम अजून चालू आहे. संमती मिळेल त्यांची आम्ही छापणार आहोत, यशाच्या रकान्याशिवाय.

कबड्डीपटू मुलीने लिहिलं की ती सरावाला बाहेरगावी असायची तेव्हा घरची गुरं आणि आजारी आजी धाकट्या बहिणीने सांभाळली. बहीण बारावीनंतर घरीच राहिली. तिला बहिःस्थ प्रवेशाचं माहितीपत्रक पाठवलं आहे. जूनमध्ये अर्ज सुरू झाले की तो भरून घ्यायला मी त्यांच्या गावी जाणार आहे.