पन्नासच्या पुढचा आवाज

माझ्या गाडीच्या पुढच्या चाकातला आवाज ताशी पन्नासच्या पुढे गेल्याशिवाय येत नाही, आणि पुणे शहरात दिवसाउजेडी पन्नासच्या पुढे जायची सोय नाही. गाडी विकायला काढली आहे. गिऱ्हाईक रविवारी येणार आहे. कोथरूडहून कर्वे रस्त्याने नळस्टॉप, तिथून म्हात्रे पूल आणि परत, असा ट्रायलचा रस्ता मनाने परस्पर ठरवूनही टाकला आहे. मी ठरवला असं म्हणवत नाही; पण त्याने विचारलं तर तोंडातून हाच रस्ता निघणार, हे पक्कं ठाऊक आहे.

आवाज कसला ते कळत नाही, असंही आता म्हणता येत नाही. पहाटे बायपासला वारज्याहून कात्रजकडे जाताना नीट ऐकून घेतलं आहे. लांबून विमान जावं तसा घुंऽऽ असा एकसुरी आवाज. गिअर काढून गाडी न्यूट्रलला सोडली तरी तो तसाच राहतो, म्हणजे इंजिनाचा नाही. सिमेंटच्या पट्ट्यावरून डांबरावर आलं तरी पट्टी बदलत नाही, म्हणजे बहुधा टायरचाही नाही. स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर कटकट वाजत नाही, तेव्हा एक्सलचा जॉइंट शाबूत. स्पीडब्रेकरवर खडखडत नाही, तेव्हा लिंक रॉड ठीक. मात्र गाडी जराशी उजवीकडे घेतली की आवाज चढतो आणि डावीकडे घेतली की उतरतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. डावं बेअरिंग.

मिस्त्रींनी त्यावर शिक्का मारला. जॅक लावून चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं. फारसा खेळ नव्हता. मग त्यांनी एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं वरच्या स्प्रिंगवर ठेवली. ‘‘हात लावा साहेब,’’ म्हणाले. स्प्रिंगमध्ये बारीक करकर जाणवत होती. उजव्या चाकाला तीच स्प्रिंग गप्प. हे बेअरिंग सीलबंद असतं, ग्रीस भरून भागत नाही. हब उतरवून प्रेसवर जुनं काढायचं, नवं बसवायचं. बेअरिंग बनवणारा मोठा कारखाना चिंचवडला आणि गाड्यांच्या आवाजाची, कंपनांची तपासणी करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आमच्याच टेकडीवर. पण निदान झालं ते या दोन बोटांनी.

पाना ठेवून मिस्त्री म्हणाले, ‘‘गाडी काढायचीच आहे ना? मग कशाला खर्चात पडता? गावात कळत नाही.’’

ते माझ्या भल्याचंच बोलले. आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं तपासायला मी बसलो आहे.

मन वकील लावायला उशीर करत नाही. माझ्याने तर थेट १८७२ चा करार कायदा काढला. त्यातल्या सतराव्या कलमाखाली घोड्याची उदाहरणं दिली आहेत. ‘अ’ने ‘ब’ला लिलावात घोडा विकला, घोडा सदोष आहे हे ‘अ’ला माहीत होतं, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नव्हे. नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नाही. शिवाय घेणाऱ्याला साध्या दक्षतेने खरं शोधता आलं असतं, तर अशा मौनाबद्दल त्याला करार मोडता येत नाही, अशीही सवलत पुढे आहे. म्हणजे गाडी समोर, किल्ली त्याच्या हातात. बायपासला नेली नाही हा त्याचा आळस. इथवर वाचून थांबलो असतो तर झोप चांगली लागली असती.

पण पुढची दोन उदाहरणंही त्याच पानावर आहेत. घेणारी ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच दोष सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला की तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन, तर तिथे गप्प राहणं हे बोलण्यासारखंच.

गिऱ्हाईक सासवडचा तरुण शिक्षक आहे. फोनवर म्हणाला, ‘‘काका, तुमची घरची गाडी, तुम्ही स्वतः वापरलेली. मी मेकॅनिक आणत नाही.’’ काका म्हटल्याने कायद्यात नातं लागत नाही. पण ‘मी मेकॅनिक आणत नाही’ हे तिसऱ्या घोड्याच्या किती जवळ आलं आहे, हे समजायला वकील लागत नाही. मी त्यावर ‘या ना, निवांत बघा’ म्हणालो. निवांत! हा माणूस पुढे रोज दिवे घाटाने ये-जा करणार. घाटात प्रत्येक उजव्या वळणाला भार त्या डाव्या चाकावर. बेअरिंग तसंच ओढत राहिलं तर चाकाला खेळ येतो आणि शेवटी हबच दगा देऊ शकतो. आज लगेच नाही. म्हणजे ‘माझ्याकडे असताना’ नाही.

आणि खर्च परवडत नाही अशातला भाग नाही. मुलगी हीच गाडी घेऊन ऑफिसला जायची, तेव्हा नुसती खटखट ऐकून मी दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बदलून घेतले होते, मिस्त्री एक पुरे म्हणत असतानाही. चाक तेच आहे. आत बसणारं माणूस बदलणार, एवढ्यावर माझा हात आखडला. कायद्याने मुलगी आणि परका असा भेद केला म्हणून नाक मुरडायचा मला अधिकार नाही. मी त्याच रेघेवर उभा आहे.

सांगायचं म्हटलं तर दुसरी भीती. एक दोष सांगितला की माणूस न सांगितलेले दहा मोजतो आणि बेअरिंगच्या कितीतरी पट पैसे कापतो. जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच निबंध लिहिला: घेणाऱ्याला चांगली-वाईट ओळखता येत नाही, म्हणून तो सरासरी भाव देतो, आणि मग चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मी वाचलं तेव्हा तो बाजार दुसऱ्यांचा वाटला होता. बरं, बेअरिंग बदलूनच विकू म्हटलं, तर मनाने लगेच बिल दाखवून किंमत वाढवायचा हिशेब मांडला. खरेपणाचंही भांडवल!

तर ट्रायल बायपासला, काचा वर करून, ऐंशीच्या आसपास. आवाज कुठला ते मी सांगायचं, मग मिस्त्रींकडे नेऊन त्याची बोटं स्प्रिंगवर ठेवायची, आणि किमतीचं बोलणं त्यानंतर. बेअरिंग मी घालून द्यायचं की तेवढे पैसे वजा करायचे, ते त्याने ठरवावं. हे सगळं मी त्याला आज रात्रीच फोनवर सांगणार आहे, कारण रविवार सकाळपर्यंत माझा माझ्यावर भरवसा नाही.