कोळसा बदलणाऱ्याचा अनुभव

हुक्का लाउंजचे रिव्ह्यू वाचायची मला जुनी सवय आहे. हुक्का ओढणं कधीचंच थांबलं, वाचणं मात्र चालू आहे. शहर कुठलंही असो, तक्रारी त्याच आणि कौतुकंही तीच. कोळसा वेळेवर बदलत नाहीत. दुसऱ्या फ्लेवरला जळका वास येत होता. म्युझिक भारी, मोमोज थंड. वीकेंडला अमुक इतकं बिल करायची सक्ती. भैया एकदम फ्रेंडली, मागायच्या आत निखारे घेऊन हजर. आणि शेवटी हमखास : ओव्हरऑल एक्स्पीरियन्स छान.

या ‘एक्स्पीरियन्स’ला आपण मराठीत सरळ ‘अनुभव’ म्हणून मोकळे होतो. पण मराठीत अनुभवी माणूस म्हणजे टक्केटोणपे खाल्लेला माणूस. अनुभवाला काहीतरी किंमत मोजावी लागते, अंगावर काहीतरी यावं लागतं. रेस्टॉरंटमधला अनुभव याच्या बरोबर उलटा असतो. तुमच्या अंगावर काहीही येऊ नये यासाठी दहा माणसं राबतात, आणि जितकं कमी अंगावर येईल तितका तो ‘छान’. गरम जे काही आहे ते दुसऱ्याने हाताळायचं, आपल्याकडे फक्त धग पोचते.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. ज्याला त्या टेबलावर काहीच सोसावं लागलं नाही, तो त्या जागेबद्दल ‘चांगली आहे, नक्की जा’ असं म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? आणि तसं म्हणण्याआधी त्याने काही बघायला हवं होतं का?

हा प्रश्न कुठल्याही हॉटेलबद्दल विचारता येईल. पण हुक्क्याच्या बाबतीत तो जास्त उघडा पडतो, आणि त्याचं कारण हुक्क्याच्या रचनेत आहे. खाली पाण्याचं काचेचं भांडं, त्यावर दांडा, बाजूने नळी, आणि सगळ्यात वर चिलीम. चिलमीत काकवी आणि ग्लिसरीनमध्ये मुरवलेली तंबाखू, तिच्यावर भोकं पाडलेली फॉइल, आणि फॉइलवर पेटते कोळसे. सिगारेटसारखी ही तंबाखू जळत नाही, वरच्या धगीने भाजत राहते. त्यामुळे सगळा खेळ कोळशाचा. कोळसा कमी झाला की धूर पातळ, जास्त झाला की घशात जळका चरका. नारळाच्या करवंटीचे ते चौकोनी तुकडे आत कुठेतरी शेगडीवर लाल करायचे, चिमट्याने उचलायचे, छोट्या जाळीदार टोपलीत घालून गर्दीतून, नाचणाऱ्यांच्या कोपरांमधून टेबलापर्यंत न्यायचे. मग थोड्या थोड्या वेळाने राख झटकायची, कोळसा फिरवायचा, नवा ठेवायचा. रात्रभर.

आणि एक गोष्ट रिव्ह्यूमध्ये जवळजवळ कधीच येत नाही. बऱ्याच ठिकाणी नवा हुक्का तुमच्यासमोर येण्याआधी कोणीतरी तो ‘चालू’ करतो. म्हणजे स्वतः नळी तोंडाला लावून चार-सहा दमदार झुरके घेतो. तुमचा पहिला झुरका फिका जाऊ नये म्हणून.

बंगळुरूला एचएसआर लेआउटमध्ये आम्ही ऑफिसनंतर जिथे जायचो, तिथे हे काम करणारा मुलगा ओडिशाचा होता. वय वीसच्या आसपास. स्वतःची प्लास्टिकची टिप तो शर्टाच्या खिशात ठेवायचा, पेन ठेवावं तशी. शनिवारी किती हुक्के चालू करतोस, असं एकदा विचारलं. म्हणाला, तीस-चाळीस. मग इतका ओढून त्रास होत नाही का, असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. “मैं तो पीता नहीं सर, बस चालू करके देता हूँ.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी हुक्का पिणं म्हणजे सोफ्यावर बसून, पैसे देऊन, मजा म्हणून पिणं. तो करत होता ते काम होतं. धूर मात्र तोच होता. पाण्यातून गेल्यामुळे धूर शुद्ध होत नाही. तासाभराच्या एका बैठकीत शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने केव्हाच सांगून ठेवलंय. ‘हर्बल’ म्हटलं तर निकोटिन नसेल, पण वरचा कोळसा तोच आणि त्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइडही तोच.

हे सगळं ऐकून ग्राहक खांदे उडवतो, आणि खरं सांगायचं तर त्याला तो हक्क आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त मांडलेला मुद्दा आपण सगळेच न वाचता वापरत असतो : सज्ञान माणसाने स्वतःचं काय वाटोळं करायचं ते त्याचं त्याने ठरवावं, दुसऱ्याला इजा होत नाही तोवर इतरांनी मध्ये पडू नये. माझी फुप्फुसं, माझा पगार, माझा शुक्रवार. सिगारेटच्या बाबतीत हा युक्तिवाद निदान टपरीपासून दूर एकट्याने उभं राहून करता येतो. लाउंजमधल्या हुक्क्याच्या बाबतीत तो गडबडतो, कारण तिथला हुक्का एकट्याने ओढताच येत नाही. तो पेटवून द्यायला, चालू करून द्यायला, तेवता ठेवायला एक माणूस लागतो. माझ्या स्वातंत्र्याला इथे स्टाफ लागतो.

गंमत म्हणजे ही गोष्ट एका रुक्ष सरकारी नियमाने आपल्या आधी ओळखली होती. मोठ्या रेस्टॉरंटना वेगळा स्मोकिंग एरिया ठेवायची मुभा कायद्याने आधीपासून होती. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या एका प्रकरणात अशा जागेत हुक्का द्यायलाही हरकत नसल्याचं सांगितलं. मग मे २०१७ मध्ये केंद्राने नियमात दुरुस्ती केली : स्मोकिंग एरियात कोणतीही सेवा पुरवायची नाही. तुम्ही आत जाऊन खुशाल धूर काढा, पण तुमच्या धुरात दुसऱ्याला कामाला उभं करू नका. मला हा नियम नैतिकदृष्ट्या फार नेमका वाटतो. तो ग्राहकाला उपदेश करत नाही, फक्त वेटरला खोलीबाहेर काढतो. आणि वेटर बाहेर गेला की लाउंजमधला हुक्का उरतच नाही.

हे नवीन नाही म्हणा. कंपनी सरकारच्या काळात कलकत्त्यातल्या साहेबांकडे हुक्केबरदार नावाचा स्वतंत्र नोकर असायचा, त्याचं काम एवढंच. वॉरन हेस्टिंग्ज दांपत्याने १७७९ मध्ये एका मैफलीचं आणि जेवणाचं निमंत्रण धाडलं, त्यात पाहुण्यांना विनंती होती की नोकर आणू नयेत, हुक्केबरदार तेवढा चालेल. म्हणजे बाकी सगळ्यांशिवाय संध्याकाळ निभावते, त्याच्याशिवाय नाही. त्या संध्याकाळी त्या माणसाला कसं वाटलं, हे कार्डावर यायचा प्रश्नच नव्हता.

माझ्या एका मित्राला हे सगळं ढोंगी वाटतं. त्याचं म्हणणं असं की त्या मुलाला कोणी पकडून आणलं नव्हतं. गावी मिळेल त्यापेक्षा त्याला जास्त मिळत होतं. तू जाणं बंद केल्याने त्याची फुप्फुसं वाचत नाहीत, त्याची टिप बुडते. यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही. उलट मी त्यात भर घालतो : फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकने हुक्क्यावर बंदी आणली, त्यानंतर तो मुलगा त्याच मालकाच्या बिर्याणीच्या दुकानात काउंटरला लागला आणि मला भेटला तेव्हा वैतागलेला होता. हुक्क्याच्या टेबलांवर टिप सगळ्यात जास्त मिळायची, वर एसी. बिर्याणीवर कोण टिप देतं?

तरीही मित्राचा युक्तिवाद जिथपर्यंत जातो तिथेच थांबतो, असं मला वाटतं. तिथे जाणं क्षम्य आहे, एवढं त्यातून सिद्ध होतं. ती जागा चांगली आहे, हे नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रेटिंगचा डबा त्या एक करून टाकतो. मी गेलो, मजा केली, ही माझी बाब. मी ‘जा’ असं लिहिलं की मी अनोळखी माणसांना तिथे पाठवतो आणि आतल्या सगळ्या व्यवस्थेवर सही करतो. सही करणाऱ्याने कागद वाचावा, ही अपेक्षा आपण बँकेत ठेवतोच.

२९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या दोन शेजारशेजारच्या रेस्टॉरंटना आग लागली. १४ माणसं गेली, बहुतेक गुदमरून. बाहेर पडायची वाट न सापडल्याने काहीजण स्वच्छतागृहात शिरले होते. अग्निशमन दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या होस्टेलवर दोन दिवस फक्त एकच चर्चा होती, की आपण जातो त्या जागांना दुसरा जिना कुठे आहे. चार जागांची नावं निघाली. जाणारे दहा-बाराजण, आणि एकालाही एकाही जागेबद्दल सांगता येईना. चारही जागांना आम्ही त्याआधी मोठ्या आत्मविश्वासाने ‘बेस्ट’, ‘ओके’, ‘ओव्हररेटेड’ अशी लेबलं लावलेली होती.

इथे ग्राहकाचा दोष काढायचा नाहीये. परवाने तपासायला महापालिका आहे, अग्निशमन दल आहे. आणि मोमोज खायला आलेल्या माणसाने छताचं कापड पेट घेणारं आहे का ते बघत बसावं, ही अपेक्षा अन्यायाचीच. माझा मुद्दा स्टारपुरता आहे. टेबलावरून दिसतं त्यात दिवे, धूर, शहराचा नजारा आणि हसतमुख वेटर एवढंच येतं. शेगडी, जिना, शिफ्टचे तास हे सगळं पाठमोरं ठेवण्यातच त्या धंद्याचं कौशल्य आहे. त्यामुळे ‘मला मजा आली’ यावरून ‘जागा चांगली आहे’ असा निष्कर्ष काढणं हे नुसतं अपुरं राहत नाही. जे मुद्दाम झाकलंय त्याच्या झाकणाला आपण गुण देत असतो.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये कायदा करून हुक्का पार्लरवर बंदी घातली, एक ते तीन वर्षं तुरुंगवास आणि पन्नास हजार ते एक लाख दंड. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, उपाहारगृहाच्या परवान्यात हर्बल हुक्का आपोआप येत नाही, असं स्पष्ट केलं. छाप्यांच्या बातम्या अजूनही येतात, तो भाग वेगळा. पण बंदीने हुक्का गेला तरी गच्च्या तिथेच आहेत, जिनेही तेवढेच रुंद. आणि रेटिंग मागणारे क्यूआर कोड तर वाढलेत.

त्या कोडचंही एक आहे. बिल देताना वेटर हळूच म्हणतो, “सर, रिव्ह्यूमध्ये माझं नाव टाकाल का?” नाव आलं की महिन्याला काहीतरी मिळतं. आता मी काय लिहायचं? खरं लिहिलं तर उद्या येणाऱ्या अनोळखी लोकांशी प्रामाणिक राहतो. पाच स्टार आणि नाव टाकलं तर समोर उभ्या असलेल्या माणसाचं भलं होतं. मी या क्षेत्रात काम करतो, म्हणून आतून बघितलंय : एक ते पाचमधला एक आकडा, एक ग्राहक, एक नोंद. त्या एका आकड्यात चव, वेटरचा बोनस आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची शक्यता, तिन्ही कोंबलेलं असतं, आणि सरासरी काढताना कोणी विचारत नाही की यातलं काय होतं. मी त्यावर शोधलेली वाट फार थोर नाही. टिप रोख देतो, हातात. नाव मागितलं तर नाव लिहितो, काम चांगलं केलं असेल तर. आणि जागेबद्दल लिहिताना उठून जे बघून आलो तेवढंच लिहितो. मित्र ऑर्डर देईपर्यंत मी जिना बघून येतो, याची आता ग्रुपमध्ये चेष्टा होते.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका रूफटॉपबद्दल असंच लिहिलं. वर यायला जिना एकच, दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, वळणावर बिअरचे रिकामे क्रेट रचलेले. पनीर टिक्का चांगला. स्टार दिल्याशिवाय पोस्ट होत नाही, म्हणून दोन दिले. दुसऱ्या दिवशी मालकाचं उत्तर आलं : सर, आमचा पनीर टिक्का आपल्याला आवडला याचा खूप आनंद आहे, पुन्हा नक्की या.